वाजवून बघणे

मुहर्रकच्या पलीकडे, हिद्दच्या धक्क्यावर
आमची पत्र्याची केबिन. एसी गळतो, खाली रंगाची रिकामी बादली.
दिवसभर बोट समुद्राला टिचक्या मारत फिरते,
रात्री मी ऐकत बसते, काय कसं वाजलं.

यात नवीन काही नाही.
आई मडकं असंच घ्यायची, कानाशी धरून,
बोटाच्या पेरानं एकदाच.
बद्द वाजलं की खाली ठेवायची,
कुंभाराकडे न बघता.

इथे मडकं म्हणजे पंधरा मीटर पाण्याखालचं काहीही.
टायर. नांगर. तारेचा घुमटासारखा पिंजरा,
इथले कोळी त्याला गरगूर म्हणतात;
दोरी तुटली की तळाशी बसून
वर्षानुवर्षं मासे धरत राहतो, कुणासाठीच नाही.
आणि क्वचित, कुठल्यातरी लढाईतला विसरलेला सुरुंग,
जो पडद्यावर
अगदी गरगुरासारखा दिसतो.

हा फरक यंत्राला शिकवायचा मला पगार मिळतो.
त्यालाही जाळंच म्हणतात.
थरावर थर, प्रत्येक थर थोडं ठेवतो, बरंचसं सोडून देतो.
तेच नऊ हजार पडसाद दोनशे वेळा गिरवून घेतले त्याच्याकडून,
पाटीवर ग म भ न गिरवतात तसे,
पेन्सिल झिजेपर्यंत.

उन्हाळ्यात ते बिथरतं.
वरचं पाणी तापतं, आवाज सरळ जायचा तो वाकतो,
आणि खाली कोळंबी तडतडते रात्रभर,
फोडणीखालचा गॅस कुणी बंदच करत नाही जणू.
त्या तडतडीतून जाळं मला विचारतं, हे काय?
विचारत नाही खरं तर. सांगतं:
सुरुंग, शून्य पूर्णांक एकसष्ट.

बोटीवरचे दाऊद सारंग, मूळ श्रीवर्धनचे,
आखातात एकतीस वर्षं, चहा घेऊन आले.
हेडफोन लावला, डोळे मिटले.
"गरगूर हाय. आत मासा हाय, बाय. आवाज गिळतोय बग."
मी मनातून त्यांच्याच बाजूची.
नऊ हजार पडसाद कुठे आणि हा कान कुठे.

सकाळी पाणबुड्या उतरला. वर आलं
वॉशिंग मशीनचं ड्रम.
आत एक खेकडा, घर मोडल्याच्या रागात.

चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला.
मी नवा रकाना केला: ड्रम.
मग आठवडाभर जाळ्याला सगळीकडे ड्रमच दिसले,
खडकात, पोवळ्यात,
एकदा तर आमच्याच बोटीच्या तळाला.

"माहीत नाही" असा एक रकाना मागितला.
जासिम म्हणाला, गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.
तरी मी केला, माझ्यापुरता. नाव दिलं "नंतर".
त्यात आता दोनशे चौदा आवाज आहेत.
झोप येत नसली की त्यातला एक लावते,
जाड, गोल, किंचित उशिरा येणारा,
कुणी हाक ऐकून आधी हातातलं खाली ठेवतं
आणि मग ओ देतं, तसा.

मार्चमध्ये चाचांचा व्हिसा संपला.
जाताना त्यांनी चहाची किटली माझ्या टेबलाखाली सरकवली,
म्हणाले, हिचं झाकण सैल हाय, अंगठा ठेवायचा.

काल रात्री अडीचला पत्र्यावर टकटक.
दोन जवळजवळ, तिसरी जरा थांबून.
पडद्यावरून मान न उचलता मी म्हटलं,
"या चाचा, ठेवा इथेच."

दारात नवा पोरगा होता, केरळचा, हातात दोन कप.
मराठीचा एक शब्द येत नव्हता त्याला.
चहा त्यानं
नेमका तिथेच ठेवला.