आटणीची पट्टी

उद्यमनगरात माझ्याकडं दोन पट्ट्या आहेत.
एक साधी. दुसरीवरही फूटच लिहिलाय,
पण तो फुटापेक्षा एक सूत मोठा आहे.
ओतलेलं बीड थंड होताना आटतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच तेवढा वाढवून करायचा.
पोलादाला दोन सूत.
नवीन पोरगं पट्ट्यांची गल्लत करतं
आणि आठवड्याचं काम भंगारात जातं.

काल रात्री मैथिलीनं
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
तीन रकाने आखले. साध्या पट्टीनं.

पहिला, दिल्लीच्या पलीकडचं विद्यापीठ.
हजारांतनं साठ घेतात, त्यात ही.
माहितीपत्रकात गवत एवढं हिरवं
की शैलजा म्हणाली, पाणीपट्टी कोण भरतं?
फी तीन पंच्याऐंशी. होस्टेल एक चाळीस.
मेस बहात्तर हजार; दिवाळीत बंद, पैसे चालू.
शिष्यवृत्ती पाव फी, पहिल्या वर्षापुरती.
पुढं 'गुणवत्तेनुसार',
हे इतक्या बारीक अक्षरात
की मला चष्मा काढून कागद नाकाशी धरावा लागला.

दुसरा, पुणं. फी निम्मी,
पण खोलीचं भाडं, दलाली, डिपॉझिट,
आणि 'ते परत मिळतं की' म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा.

तिसरा, आपलं इथलंच, सागरमाळावर.
सायकलनं पंचवीस मिनिटं, चढ धरून.
ह्या रकान्यात तिनं बारा हजार लिहिले
आणि खाली बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

सवलतीची मर्यादा आठ लाख.
माझा पगार, अधिक शैलजाचा पतसंस्थेतला:
आठ लाख चाळीस हजार.
चाळीस हजारांनी आम्ही श्रीमंत.
हे मी भट्टीपाशी दिलावर मुल्लाणीला ऐकवलं.
त्याच्या थोरल्याची फी माफ झालीय.
तो मानेवरचा घाम पुसत म्हणाला,
"चला मिस्त्री, पगाराची अदलाबदल करू.
फी पण तुम्हालाच माफ."
मी पॅटर्नवर पॉलिश पेपर मारत राहिलो.

गुजरीत शैलजा पाटल्या नुसत्या वजन करून आली.
सोनार घट धरूनच बोलला.
तिथं आटणारं आधी कापतात,
आमच्याकडं आधी वाढवतात.
माहितीपत्रकात दोन्ही नाही.

मी पिशवीतनं दुसरी पट्टी काढली,
पहिल्या रकान्यावर ठेवली. उगाच.
बिडाला एक सूत, पोलादाला दोन.
शिकत असतानाही व्याज चढतं, ते धरून किती?
चार वर्षांनी आलेली पोरगी
ह्या ओट्याला टेकून शेंगा सोलत बसेल का,
ते धरून?

"आणि मी इथंच राहिले, तर त्याचं काय धरायचं?"
मैथिली म्हणाली. रागानं नाही.
कोरी जागा तिनं पेन्सिलीच्या टोकानं टोकरली,
कागदाला भोक पडलं,
खालनं मागच्या वर्षीचा मार्च दिसला.

मग बेरीज.
पहिला रकाना: सहा लाख दीड हजार, वर्षाचे.
त्यात घरी येणं-जाणं, साडेचार हजार.
मी आकडा पुन्हा बघितला.
वर्षातनं एकदाच.
पोरीनं नेमकी तिथं काटकसर केली होती.

शैलजानं गॅस बंद केला, हात पुसले,
चष्मा लावला,
ऑफिसात दुसऱ्यांच्या कर्जाच्या अर्जावर लावते तसा,
आणि एकाचे तीन केले.
सहा लाख साडेदहा हजार.
कुणी काही बोललं नाही.

जागा पक्की करायची मुदत उद्या संध्याकाळी पाच.
दिवा घालवून मी दोन्ही पट्ट्या पिशवीत टाकल्या,
कुठली कुठली ते न बघता.