बेचाळीस

सातपूरची प्रयोगशाळा, रात्री साडेदहा.
द्राक्षाच्या पानातलं एक प्रथिन
कालपासून कातरून ठेवलंय मी.
तुकडे यंत्रात जातात.
काही बोलतात,
लायसिनच्या शेपटीचे गप्पच.
मग थोडं आयसोयुरिया, पासष्ट अंश, दहा मिनिटं:
त्या मुक्या शेपटीवर चढतं
बरोबर बेचाळीसचं ओझं.

भांडीबाजारात रंगनाथकाका
तांब्यांवर नावं घालायचे.
"लग्नघरातून परत यायला हवं ना,"
म्हणत फुंकरीनं कीस उडवायचे.

त्यांच्या नावानं भांडं
केसभर हलकं व्हायचं.
माझ्या खुणेनं जड होतं,
तेव्हा कुठे तोंड उघडतं.

पडद्यावर नवी शिखरं.
एक मात्र कुठल्याच यादीत बसेना.
पुन्हा वजन मांडते.
काका, हे कुणाकडचं हो?