नववी झडप

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
विमान कुणी जवळनं बघितलेलं नव्हतं.
ड्रॉइंगवर होतं, पेन्सिलीनं, पंख पसरून,
आणि त्याच्यापुढं आठ झडपांचं दार,
चार डावीकडं, चार उजवीकडं,
लग्नपत्रिकेगत घडी पडणारं.

दोन पत्रे, मधे ऐंशी मिलीचा पफ.
ओतला की आंबोळीच्या पिठागत फुगून येतो
आणि तासाभरात असा धरतो
की दोन पत्रे जन्मात एकमेकांना भेटत नाहीत
आणि सुटतही नाहीत.

दस्तगीरचाचा शिकलगार सांगायचे,
आजा संस्थानच्या तलवारी घासायचा,
मी बिजागऱ्या घासतो.
हिला धार नको, पण अंदाज तोच.
पहिली अर्धा सूत हलली
तर आठवी झडप वीतभर बाहेर.

पाचवीला भोक मी पाडलं.
सोळा मिलीचं, उलट्या अंगाला.
ड्रिल पार गेलं तेव्हा
पिवळा भुसा बुटावर पडला
आणि शेजारच्या लेथवाल्यानं लेथ बंद केला.

मगदूम मालक चष्मा कपाळावर सारून
भोकातनं कितीतरी वेळ बघत राहिले.
"ह्यातनं विमान काढायचं हाय काय रे?"
चाचा म्हणाले, खूण मीच केलती.

खूण त्यांनी केली नव्हती.

म्हणून दार आठ झडपांचं
आणि आमच्या हिशेबात झडपा नऊ.

उजळाईवाडीच्या माळावर वारं आडवं येतं.
क्रेनला टांगलेली झडप
वाऱ्यानं स्वतःभोवती फिरायची,
आम्ही दोरीला लोंबकळून तिला समजवायचो.
एप्रिलमध्ये, भर दुपारी,
दोन्ही बाजू चाकांवर सरकत आल्या
आणि मधल्या ब्रशनं ओठ मिटले.
बाहेरनं पत्रा तव्यागत.
आतनं हात लावला, तर माठाचं पोट.

साहेबानं विचारलं, आवाज किती कमी झाला?
चाळीस वर्षं पत्रा ठोकून कान गेलेले चाचा
मान हलवत म्हणाले,
"एकदम शांत हाय साहेब. काय सुद्धा येत न्हाई."
साहेबानं लिहून घेतलं.

विमान मागं उभं होतं, दोघांच्या बसायचं,
नाकाला लाल कापड बांधलेलं, पडसं झाल्यागत.
एवढंसंच?
मी उगाच त्याच्या चाकाला हात लावून आलो.

खराब झडपेचे पैसे
मालकांनी चाचांच्या पगारातनं चार महिने कापले
आणि झडप त्यांनाच देऊन टाकली.
विक्रमनगरात त्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत
नुसत्या पत्र्याची होती. तिथं ती कापून बसवली.
भोकासकट.

एका रविवारी मी बोल्ट घेऊन गेलो,
वायसर, सिलिकॉनची नळी, सगळं.
चाची लसूण सोलत होती. म्हणाली, थांब जरा.

ऐंशी मिलीतनं ऊन यायला
सूर्य पार खाली उतरावा लागतो.
उतरला.
समोरच्या भिंतीवर कवडसा उमटला, रुपयाएवढा,
आणि हळूहळू वर चढत
डब्यांच्या फळीला टेकला.
"आता बघ नळाला पाणी येईल,"
चाची म्हणाली, आणि कळशी घेऊन उठली.

नळ आधी खोकला. मग आलं.

चाचांना मी जोरात विचारलं, बुजवू काय?
त्यांना ऐकू आलं नसेल,
किंवा आलं असेल.
बोल्ट खिशात तसाच ठेवून
मी चहा प्यायलो.