डाव्या अंगाचा सायलेन्सर

खोकं ट्रान्सपोर्टनं आलं,
मोसंबीच्या क्रेटांखाली एका कोपऱ्यात दबलेलं.
आत पाईप, असा चकचकीत
की माझं नाक मला वाकडं दिसलं.
चार क्लॅम्प, दोन रबर, एक जपानी कागद.
गॅस्केट नव्हतं.

बाई म्हणाल्या, मग आता?
म्हटलं, मॅडम, गॅस्केट आपण कापू.
जालन्यात पत्र्याला काय तोटा.

निरुपमा काळदाते, भूलतज्ज्ञ.
दिवसभर दहापासून उलटे आकडे मोजायला लावून
लोकांना झोपवायचं,
आणि संध्याकाळी ही दोन सीटची, कापडी छपराची
बुटाएवढी लाल गाडी.
आमच्या शेडात, रोटाव्हेटर आणि मळणीयंत्राच्या मधी,
ती उभी राहिली
चुकीच्या मांडवात जेवायला शिरलेल्या पाहुणीसारखी.

पहिला नट सुटला. दुसरा सुटला.
तिसऱ्यानं मुंडकंच तोडून हातात दिलं.
खलील उस्ताद असते तर म्हणाले असते,
गंजाशी भांडायलास कामून?
त्याला ऊब दे, दोन गोष्टी बोल, मग फिरव.
मी भांडलो होतो.
म्हणून दोन तास ड्रिल, टॅप, तेल,
पाठीखाली पोतं, पापणीत कीस.

जुना सायलेन्सर निघाला तो शेजारच्या आडतीत
काट्यावर ठेवला: सतरा किलो दोनशे.
नवा भरला साडेसहा.
शेषमलजींनी चष्मा कपाळावर चढवला,
म्हणाले, जास्तीचे पैसे मोजून
कमी माल घ्यायलेत की हो बाई.

पुढं खरी गोम.
पाईपाचं तोंड डावीकडं,
आणि बंपरची खाच उजवीकडं.
कागदावर त्याचंही काही लिहिलेलं असेल.
मग आम्ही तो कापला.
रोज टेबलावर उघडी पोटं बघणाऱ्या बाईंनी
ग्राइंडर लागताच तोंड फिरवलं.

सांधा करताना आतून गॅस सोडावा लागतो,
नाहीतर मागच्या अंगाला साखर धरते,
खरबरीत, काळी.
बाहेरून कुणाला दिसत नाही. मला दिसते.

आणि चालू करण्याआधी सगळा पाईप
थिनरनं पुसून घ्यायचा.
चिकट हात लागलेला असला
तर तापल्यावर ठसा स्टीलमध्येच राहतो.
पोऱ्याला तीनदा बजावलं.

चावी बाईंनीच फिरवली.
आवाज? वाघ-बिघ काही नाही.
हौदात घागर उलटी दाबावी तसा,
खोल, भरदार,
मधीच एक गुळणी.
बाईंनी डोळे मिटले.
आकडे मी मोजले, मनात,
दहा, नऊ, आठ.
सातला त्या हसल्या.

आठ दिवसांनी परत हजर.
अंबड रोडला तीन हजारावर गेली की
डोक्यात आग्या मोहोळ, म्हणाल्या.
हौस आपली, घुमणंही आपलंच, असं मी म्हणालो नाही.
मधी एक छोटा डबा घातला.
मोहोळ उठलं.

त्यांचं हॉस्पिटल आमच्याच गल्लीत.
रात्री दीडला, दोनला फोन येतो त्यांना.
माझा एक कान मळणीयंत्रानं कधीच खाल्लाय,
पण बायको जागी असते, ती सांगते:
गाडी वळणावरच बंद होते,
उतारानं न्यूट्रलमधी येते,
टायरखालची खडी तेवढी वाजते.
एवढे पैसे घालून आवाज आणला, ती म्हणते,
आणि इथं बघा.

काल टायरची हवा बघायला आल्या
तेव्हा सहज वाकलो.
सांध्याच्या वर, आतल्या अंगाला, एक अंगठा.
तपकिरी, कडेला निळा.
पोऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं
आणि आडवी चीर दिसली,
दहावीच्या वर्षी पत्र्यानं कापलेली,
माझी.

बाईंना दाखवला नाही.
बिलातही लावला नाही.