एक मिली

सुईआधी तिने खोकं मागितलं.
कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
बॅच नंबर मोठ्याने वाचला, मुदत वाचली,
सील नखाने चाचपलं.
कुमुद नेहेते, वय सत्तेचाळीस,
जळगावच्या सराफ बाजारात बावीस वर्षं काउंटरला.
"हॉलमार्क पाह्यल्याबिगर मी बांगडी हातात धरत नाही,
हे तं गालात जाईन."

भुसावळच्या एका पार्लरात
हेच निम्म्या भावात होतं म्हणे,
बिनखोक्याचं, आइस्क्रीमच्या डब्यातून.
तिने तिथल्या पोरीला एवढंच विचारलं,
उतरवायचं झालं तर?
पोरगी हसली.
कुमुद उठून आली.

का करताय, मी विचारलं,
लोक तर तुमच्याकडं सोनं बघायला येतात.
"गिऱ्हाईक हार घालून आरशात पाहतं.
त्याच्या खांद्यामागून मी दिसते मले.
दिवसातून साठदा.
हार विकला जातो."

मग विचारलं ते फक्त
रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं, दातांच्या कामाचं.
दोनला लाइट गेली. इन्व्हर्टर गुरगुरला.
फ्रीज चालू आहे ना, ते आधी पाहिलं.

नाकापासून ओठाकडे उतरणारी घडी.
तिच्याखालून एक धमनी नागमोडी जाते,
पुस्तकातल्यासारखी कुणाचीच नसते.
दट्ट्या मागे ओढला. रक्त नाही.
थेंब थेंब, पाव मिली,
आणि ओठाच्या वर त्वचा पांढरी पडली,
चुन्याचं बोट लागल्यासारखी.

हात थांबला.
नख दाबलं, सोडलं, मोजलं:
एक, दोन, तीन, चार, पाच.
रंग येईना.
"दिसतंय ना? दोन्ही डोळ्यांनी?"
"तुमचं तोंड दिसू ऱ्हायलं. घामेजलेलं."

फ्रीजमधली विरघळवणारी कुपी.
मुदत संपली म्हणून दोनदा फेकलेली,
दोनदा नवी आणलेली,
कधीच न लागलेली.
आज उघडली.
टोचत गेले, चोळत गेले,
गरम पट्टी, पुन्हा नख, पुन्हा मोजणी.
कितव्या वेळी कोण जाणे,
दोन म्हणायच्या आत लाली धावत आली.

अंधार पडेपर्यंत मी तिला उठू दिलं नाही.
उद्या सकाळी परत या, म्हटलं,
रात्री दुखलं, रंग बदलला तर तेव्हाच फोन करा.
घडी होती तशीच.
पैसे नकोत, म्हटलं.
तिने पर्स उघडलीच.
"घट वजा करा, डॉक्टर,
मजुरी तं घ्या."

रिकामं खोकं मात्र
पावतीसकट पिशवीत टाकलं.