पाण्यावरचा कांदा

पेइपस सरोवराच्या काठी आमचं गाव, एकाच रस्त्याचं.
एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला कांद्याचे वाफे,
आणि पुढे पाणी, इतकं
की पैलतीर फक्त शाळेतल्या नकाशात.

झिनोव्हिया मावशीच्या खिडकीत काचेची पेटी होती.
मी नऊ वर्षांचा. जेवताना बघायला दुसरं काही नसे,
मी माश्या बघायचो.

त्या जुलैत एक आली.
पंखाची कड फाटलेली, म्हणून लक्षात राहिली.
पोळ्यावर थरथरली, वळली, पुन्हा थरथरली.
मावशीने कोन पाहिला, तोंडातल्या तोंडात आकडे मोजले
आणि चमचा खाली ठेवला.
"ही म्हणते, अर्ध्या कोसावर. भर पाण्यात. फुलं."

"चुकली असेल," मी म्हणालो.
"त्याही तेच म्हणतायत," मावशी म्हणाली.

खरंच. चार-पाच जणी तिच्या मागे फिरत होत्या,
मिशांनी तिचं अंग चाचपत.
जिथून आजवर कुणी काही आणलं नव्हतं
ती दिशा कळल्यावर
एकेक करून गळाल्या.
एकीने तर डोक्याने ढुशी दिली, पुरे.
रागावलं कुणी नाही.
खोटारडी म्हणून बाहेर काढलं नाही.
आपापल्या जुन्या क्लोव्हरवर निघून गेल्या, एवढंच.

पण जाण्याआधी तिने तोंडातला थेंब दिला.
ज्या एकीने तो चाखला
ती पोळ्याच्या कडेला बराच वेळ थांबली,
मिशा पुसत राहिली, पुन्हा पुन्हा.
दिशा अशक्य होती,
आणि थेंबाला कांद्याचा वास येत होता.

मग तीही उडाली.

मावशी काही बोलली नाही.
भांडी तशीच. सावेली परवा बेटावर गेला होता,
तिकडे पाणी चढलं म्हणून
बियाणाचे डेंगळे मातीसकट टबांत भरून आणायला.
काल यायचा होता.
बहिणीकडे पीत बसला असेल, असं सगळे म्हणत होते,
आणि ते पटण्यासारखंच होतं,
तो दरवर्षी बसायचा.

दुसरी परतली. तोच कोन.
मावशीने खिडकीच्या चौकटीवर खडूने रेघ ओढली.
तिसरी. रेघ.
मग कितीतरी वेळ कुणीच नाही,
मला वाटलं संपलं,
मावशी मात्र बसून होती, खडू बोटांत फिरवत.
दुपार कलताना अकरा रेघा झाल्या.
तिने डोक्याला रुमाल बांधला.

धक्क्यावरचे हसले. हसणारच.
"माशीने निरोप धाडला?"
सगळ्यात मोठ्याने हसला म्हातारा तेरेंती,
आणि हसू ओसरल्यावर त्यानेच विचारलं,
"किती जणींनी?"
"अकरा."
त्याने सूर्यफुलाचं टरफल थुंकलं
आणि दोर सोडला.

पाण्यावरच्या धुरकट उन्हामागे होडी उभी होती,
नांगर टाकलेली, पंख्यात जाळं गुंतलेलं.
सावेलीचा हात इंजिनात सापडलेला, सदऱ्यात गुंडाळलेला.
भोवती पांढरे, गोल, फुललेले डेंगळे
आणि त्यांवर आमच्या माश्या.
"गुणगुण ऐकून वाटलं, ताप डोक्यात चढला," तो म्हणाला,
"म्हणून हाक नाही मारली."

त्यानंतर धक्क्यावरचे लोक
खिडकीपाशी थांबून विचारायचे, आज काय म्हणतायत?
निम्मी थट्टा. पण थांबायचे.

होडी तर आणली, टब परसात उतरवले.
तरी दुसऱ्या दिवशी माश्या पाण्याकडेच गेल्या.
रिकाम्या परतल्या. त्यांतल्या थोड्या पुन्हा गेल्या.
तिसऱ्या दिवशी दोघी.
चौथ्या दिवशी फक्त ती, फाटक्या पंखाची.
मी धक्क्यावर उभा राहून तिला जाताना पाहिलं.
परसातली फुलं तिच्या वाटेत दहा पावलांवर होती.
मी हात हलवले, ओरडलोसुद्धा.

संध्याकाळी ती पोळ्यावर आली.
नाचली नाही.
एका दुसरीच्या मागे उभी राहिली
आणि मिशा पुढे केल्या.