साठ वॅटचा दिवा

आर्विड गाडीखाली पालथा.
दिसतात ते फक्त बूट,
आणि आवाज येतो टाकीच्या पोटातून आल्यासारखा :
"टेप दे. ती नव्हे गं, गरम होणारी."
मी देते.
आत्ता उणे नऊ. रात्री उणे अठरा,
असं रेडिओवरची बाई म्हणाली,
पाहुणे येणार असल्याच्या सुरात.

घर विकलं त्याला सहा वर्षं झाली.
दर ऑक्टोबरला ही गाडी घेऊन आम्ही येतो
रेड नदीच्या काठी, बीटच्या हंगामाला.
अंगणच नाही, मग झाडायचं काय,
असं मी बहिणीला फोनवर सांगते.
हे सांगत नाही
की इथे नळ म्हणजे एक भित्रं जनावर,
थंडीची चाहूल लागली की कुशीत घ्यावं लागतं.

आज कामही बंद.
गोठलेलं बीट ढिगावर टाकत नाहीत,
ते सडतं, आणि शेजारच्यालाही सडवतं.
काम नाही म्हणजे मजुरी नाही.
थंडी अशी दोन्ही हातांनी नेते.

पाणी तसं गरीब.
पण गोठताना फुगतं,
आणि फुगायला जागा नाही मिळाली
की जे जवळ असेल ते फोडतं.
एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईला
हे कुणी नव्याने शिकवायला नको.
(गाडीखाली बूट जरासे हलतात.)

तर, होज काढली, झटकली, आत आणली;
शॉवरमध्ये वेटोळं घालून पडलीय.
मैलापाण्याचे वॉल्व्ह बंद,
त्यांच्याबद्दल जेवताना बोलायचं नाही असा आमचा करार आहे.
सिंकखालची दारं सताड उघडी, आत ऊब शिरावी म्हणून.
साबण, घासण्या, आर्विडने लपवलेली बाटली,
सगळा संसार तोंड वासून.

राहिला पंप.
तो बाहेरच्या कप्प्यात, पत्र्याच्या दाराआड.
तिथे दिवा लावून ठेवायचा,
साठ वॅटचा, जुना, तारेचा, पिवळा.
नवे दिवे लख्ख असतात
आणि हाताला गार लागतात.
दुकानातला पोरगा म्हणाला, हेच घ्या,
यात वीज वाया जात नाही.
अरे बाळा,
जे वाया जातं
तेच तर हवंय आम्हाला.

आमच्याकडे तसे तीन उरलेत.
लोकरी मोज्यात गुंडाळून, पिठाच्या डब्यात.

एफ्राइन आला. पलीकडच्या गाडीतला,
टेक्सासच्या पार खालच्या टोकाचा.
त्याच्या गावात थंडी म्हणजे एक स्वेटर.
काल रात्री त्याचा पंप तडकला.
प्लास्टिकचा तुकडा तळहातावर घेऊन उभा,
दात पडलेल्या पोरासारखा.
"पाईप तरी वाचतील?"
मी डबा उघडला, एक मोजा काढला.
गाडीखालून आवाज :
"दोन दे. एखादा उडतोच."

मी हिशेब केला. तीनातून दोन.
काही बोलले नाही.
तसं मी बरंच काही बोलत नाही.

रात्री दोनला जाग आली.
नळ बारीक सोडलेला, खाली भांडं.
टप्.
बराच वेळ काही नाही.
टप्.
जीव भांड्यात पडतो म्हणतात,
तो असा पडतो तर, थेंबाथेंबाने,
आणि मधल्या वेळात कुठे असतो कोण जाणे.

खिडकीची वाफ बोटाने पुसली.
बाहेर काळं शेत, बीटचे डोंगर,
आणि एफ्राइनच्या गाडीच्या कुशीला
दाराच्या फटीतून पिवळी चौकट.
आमचीही तशीच दिसत असेल त्याला,
जागा असला तर.

परत येऊन आर्विडच्या पाठीला पाय लावले.
बर्फ होते नुसते.
त्याने ओरडायला हवं होतं.
"काही फुटलं का?" झोपेतच म्हणाला.
नाही, म्हटलं.
झोप.